बंगालच्या अंगणातून दिसलेले मराठे

बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या जाणाऱ्या एका अंगाईत बाळ झोपतं, आळी शांत होते आणि मुलखात ‘बर्गी’ येतात. धान बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, असा आईला घोर लागतो. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार.

आपल्याकडे ही हकीकत चौथाईपासून, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्श्याच्या हक्कापासून, सुरू होते. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची बादशाही सनद मिळाली आणि पुढे तोच हक्क बंगालवरही सांगितला गेला. १७४० मध्ये अलीवर्दीखानाने सरफराजखानाला मारून बंगालची नवाबी बळकावली. दोनच वर्षांनी रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर फौजेसह बर्दवानला जाऊन धडकले. मार्च १७४४ मध्ये मानकरा इथे अलीवर्दीने त्यांना बोलणीसाठी म्हणून छावणीत बोलावलं आणि सरदारांसह कापून काढलं. मराठी वाचकाच्या लक्षात राहतो तो हा दगा.

पण त्याआधीच्या दोन वर्षांत तिथल्या गावांवर काय गुदरलं, ते गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराणा’त लिहून ठेवलं आहे. बर्गी येताहेत म्हटल्यावर ब्राह्मण पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन पळत सुटतात. स्वार त्यांना माळावर गाठून वेढतात. सोनं-रुपं तेवढं घेतात, हात, नाक, कान कापतात, बायकांवर अत्याचार करतात, घरं जाळतात. ‘रुपये दे’ हा एकच धोशा. ज्याच्याकडे नसतील त्याच्या नाकात पाणी ओततात. हे सगळं आपल्याच माणसांबद्दल लिहिलेलं वाचणं जड जातं, आणि म्हणूनच ते वाचायला हवं.

हा शत्रूचा कांगावा म्हणून गंगारामाला बाजूला सारता येत नाही. त्याच्या काव्याची सुरुवातच बंगालमध्ये पाप माजल्याने होते, आणि ते निवारण्यासाठी शिव नंदीला शाहू राजाकडे धाडतो. म्हणजे मराठे येतात ते देवाच्या आज्ञेने! मात्र ते ब्राह्मण, वैष्णव, गाई, बायका यांनाही सोडत नाहीत, तेव्हा देवीच त्यांच्यावर उलटते. ज्या भास्कररामांनी कटव्याजवळ दाईहाटला थाटाने दुर्गापूजा मांडली होती, त्यांचीच ही गत. बर्दवानच्या दरबारातले पंडित वाणेश्वर विद्यालंकार यांनीही संस्कृतात शाहूच्या सैन्याला गर्भवती आणि तान्ह्या मुलांना मारणारे म्हटलं आहे.

कलकत्त्यात भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे तिथवर आलेच नाहीत. ‘मराठा खंदक’ हे नाव मात्र राहिलं. १७४३ मध्ये तर नानासाहेब पेशवे अलीवर्दीकडून पैसे घेऊन रघूजींवरच चालून गेले. शेतकऱ्याच्या लेखी मात्र दोन्ही फौजा बर्गीच.

१७५१ च्या तहात अलीवर्दीने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओडिशाचा कारभार नागपूरकरांच्या हाती गेला, तो १८०३ पर्यंत. तिथे त्यांची आठवण निराळी आहे. जगन्नाथ मंदिराची व्यवस्था त्यांनी पाहिली आणि कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीला सिंहद्वारासमोर आणून उभा केला गेला, तो याच काळात.