हळदीच्या डागाला साबण लावला की

हळदीत माखलेला सदरा धुवायला काढला, साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला, हे वऱ्हाडात कोणी पाहिलं नाही? "काहून लाल झालं बाप्पा?" म्हणत माय आणखी साबण घासते आणि डाग आणखीच लाल होतो. मग लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कात, म्हणजे साबण-चुन्यासारख्या आम्लाच्या उलट पदार्थात, लाल होतं. चुन्यात हळद कालवून कुंकू करतात ते त्याच्याच भरवशावर.

पण हळद अर्धीच साक्षीदार. साध्या पाण्यातही ती पिवळी, लिंबातही पिवळीच. आंबट किती, हे ती सांगत नाही. त्यासाठी आकडा लागतो, आणि तो 1909 साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सॉरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने सुचवला. तोच पीएच. माती परीक्षणाच्या कागदावर त्यालाच 'सामू' लिहिलेलं असतं.

मोजायचं काय, तर हायड्रोजन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले हायड्रोजनचे कण. शुद्ध पाण्यातही काही रेणू फुटलेले असतात. खोलीच्या तापमानाला सुमारे 55 कोटी रेणूंमागे एक. तेवढ्या आयनांना म्हणायचं पीएच 7, उदासीन. आम्ल पाण्यात हे आयन वाढवतं तसा आकडा उतरतो; अल्क ते कमी करतं तसा चढतो. गोम अशी की दर पायरीला फरक दहा पटीचा. लिंबाचा रस 2 च्या आसपास, चुन्याची निवळी 12 च्या आसपास. मधल्या दहा पायऱ्या म्हणजे एक हजार कोटी पट! खर्ऱ्यात, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणात, चुना घालतात तो उगाच नाही: अल्कात तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालातून भराभर रक्तात जातं. गाल सोलतो तो वेगळाच.

खारं आणि अल्कधर्मी या दोन गोष्टींत मात्र आपली नेहमी गल्लत होते. मीठ घातलेलं पाणी खारट लागतं, पण त्याचा पीएच 7 च्या जवळपासच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात दोन्ही दुखणी एकत्र आहेत. पाणी खारं, शिवाय सोडियममुळे काळी माती चोपण, म्हणजे अल्कधर्मी आणि पाणी न जिरू देणारी. तिथे जिप्सम टाकतात ते आम्ल म्हणून नव्हे. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतं आणि निचरा असेल तर पाणी त्याला खाली वाहून नेतं. निचराच नसेल तर जिप्सम टाकून पैसेच जातात.

संत्र्याचं दुखणं निराळं. चुनखडीच्या जमिनीत सामू 8 च्या वर गेला की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाचा तुटवडा, आणि लोह तर मातीत भरपूर असतं! पण सामू एकाने चढला की विरघळलेलं फेरिक लोह हजार पटीने घटतं. 7.5 आणि 8.5 कागदावर शेजारी दिसतात, झाडाला तसे दिसत नाहीत. मुळं स्वतः थोडं आम्ल सोडून लोह सोडवू बघतात, पण ते चुनखडीच गिळून टाकते. मातीत आम्ल ओतलं तरी तीच गत. म्हणून हिराकस, म्हणजे लोहाचं विरघळणारं क्षार, पानांवर फवारतात, आणि लोह पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून त्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल घालतात, जे लिंबात असतं तेच.