घरातील एरियल, जुन्या रेडिओसंचाची

घरातील एरियल : जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) किंवा ट्रान्झिस्टर रेडिओसंचासाठी छपराखाली, भिंतीवर किंवा संचाशेजारी बसवलेली तार, जाळी वा चौकट. अंगणात दोन बांबू रोवून ताणलेल्या बाहेरच्या एरियलपेक्षा ती दुबळी असते. मात्र वारा, माकडे आणि तारेवर ओली लुगडी वाळत घालणारी माणसे यांच्यापासून ती वाचते. विदर्भाच्या खेड्यात तिची निवड करताना आधी संच कोणत्या जातीचा, घरावर कवेलू (मातीची कौले) की टिन, आणि आसपास विजेची खरखर किती, हे पाहावे लागते. तार किती फूट घ्यायची, यावर सगळ्यांत जास्त चर्चा होते, पण तो प्रश्न नंतरचा आहे.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत रेडिओ वऱ्हाडातल्या व झाडीपट्टीतल्या गावांपर्यंत पोचला. गावात वीज येण्याआधीचे संच बॅटरीवर चालत. डीके ९६, डीएल ९६ अशा व्हॉल्व्हना ९० व्होल्टची मोठी कोरडी बॅटरी आणि तंतू तापवायला दीड व्होल्टची वेगळी बॅटरी लागे. असा संच एखाद्या वाड्यावर नाहीतर ग्रामपंचायतीत असायचा, आणि त्याच्या लायसन्सची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे. मर्फी, फिलिप्स, बुश यांचे विजेवरचे संच आले तेव्हा त्यांच्यासोबत तांब्याच्या तारेने विणलेली, दोन-तीन बोटे रुंद जाळीची पट्टीही घरात आली. बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती ताणत आणि रेडिओइतकीच मिरवत. जाळी साध्या तारेपेक्षा पुष्कळ जास्त ‘ओढते’ हा समज तेव्हापासूनचा आहे. प्रत्यक्षात लांबी आणि उंची सारखी असेल तर दोहोंत फरक थोडाच पडतो. आज कुणाकडे जुनी जाळी असेल तर ती जरूर लावावी, पण तिच्यासाठी बाजार पालथा घालायची गरज नाही.

संचाची मागची पाटी उघडण्याआधी प्लग काढावा, आणि मग व्हॉल्व्हवरची अक्षरे वाचावीत. ‘ई’ने सुरू होणारी नावे (ईसीएच ८१, ईएल ८४) असतील तर संचात बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. ‘यू’ने सुरू होणारी (यूसीएच ८१, यूसीएल ८२) असतील तर तो एसी-डीसी जातीचा, बिनट्रान्सफॉर्मरचा संच समजावा. त्याची लोखंडी चौकट (सगळे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती शॅसी) थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चौकटीत २३० व्होल्ट येतात. एरियलच्या आणि अर्थच्या (जमिनीला जोडायच्या तारेच्या) भोकांमागे कंपनीने एक कंडेन्सर घालून ही वीज अडवलेली असते. पण तो कागदी कंडेन्सर साठ वर्षांत झिरपू लागतो, आणि मग बैठकीतली उघडी जाळी म्हणजे भिंतीवर टांगलेला मेन लाइनचा तुकडा होतो. म्हणून अशा संचाला एरियल लावण्यापूर्वी हा कंडेन्सर बदलून सुरक्षिततेसाठी बनवलेला वाय वर्गाचा घालावा, तार प्लास्टिकच्या आवरणाची घ्यावी आणि चौकटीला जमिनीची अर्थ कधीही थेट जोडू नये. मेकॅनिक टेस्टर लावून ‘चालते’ म्हणाला, एवढ्यावर भागत नाही.

आता लांबी. नागपूर केंद्र मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागते. ही लहर सुमारे ५१३ मीटर लांब असते, तिचा चौथा भाग १२८ मीटर. एवढी तार कोणत्याच घरात मावणार नाही, म्हणजे मध्यम लहरींसाठी घरातली प्रत्येक तार आखूडच. सहा ते दहा मीटर तार शक्य तितकी उंच आणि सरळ न्यावी, एका टोकाने संचापर्यंत खाली आणावी, बस. खोलीला तीन-तीन फेरे मारून लांबी वाढवल्याने आवाज त्या प्रमाणात वाढत नाही. उलट घरातल्या वायरिंगशी जवळीक वाढते. शॉर्ट वेव्हचा हिशेब वेगळा आहे. ३१ मीटर पट्ट्यात लहरीचा चौथा भाग पावणेआठ मीटरच्या आसपास येतो, आणि विदर्भातल्या लांबट बैठकीत तेवढी तार सहज बसते. एकेकाळी रेडिओ सिलोन शॉर्ट वेव्हवर खोलीतल्या जाळीवरही खणखणीत ऐकू येई, त्यामागे हेही एक कारण होते. आता त्या पट्ट्यांवरची वर्दळच ओसरली आहे, तेव्हा निव्वळ शॉर्ट वेव्हसाठी खटाटोप करायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

घराचे छप्पर लहरींना किती वाट देते, यावर बरेच अवलंबून असते. मातीच्या भिंती, सागाचे वासे आणि वर कवेलू असलेले जुने घर एरियलसाठी उत्तम. कवेलू लहरी अडवत नाहीत, त्यामुळे आड्याखालून नेलेली तार बाहेरच्या तारेच्या बरीच जवळपास काम करते. स्लॅबच्या घरात सळ्यांची जाळी लहरी बऱ्याच प्रमाणात अडवते. तिथे तार खिडकीच्या चौकटीजवळ उभी सोडलेली बरी. टिनाचे घर सर्वांत अवघड. टिनाला समांतर, वीतभर खाली नेलेली तार जवळजवळ आंधळी असते. ती ओसरीच्या मोकळ्या बाजूला, टिनापासून निदान दोन-तीन हात दूर आणावी लागते. टिनाचे पत्रेच एरियल म्हणून वापरायची युक्ती काही जण सांगतात. लाकडी वाशांवर कोरडे बसलेले पत्रे खरोखर काम देतातही. पण पत्रा लोखंडी अँगलवर असेल, किंवा खांबावरून आलेली सर्व्हिस वायर त्याला घासत असेल, तर ही युक्ती न केलेलीच बरी.

खरा झगडा मात्र खरखरीशी आहे. नागपूरचे ३०० किलोवॉटचे प्रक्षेपण दिवसा भूपृष्ठलहरींनी दूरवर पोचते, आणि विदर्भाची ओल धरणारी काळी माती त्या लहरींना चांगली मानवते. कमी पडते ती शांतता. एलईडी दिव्यांतले स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर मध्यम लहरींवर सतत भुणभुण ओततात. शेताजवळच्या घरांत आणखी एक आवाज असतो : साधारण दर सेकंदाला एक ‘टक्’. रानडुकरे आणि रोही यांना रोखण्यासाठी कुंपणावर बसवलेल्या झटका मशीनचा तो ठोका. कुंपणाची तार गवताला लागत असेल किंवा तिचा सांधा सैल असेल तर ठिणगी पडते आणि टकटक जास्तच जाणवते. अशा वेळी रेडिओची तार लांबवण्याआधी कुंपण तपासावे.

तार ठोकण्याआधी बॅटरीवरचा लहान ट्रान्झिस्टर हाती घेऊन घरभर फिरावे. तो ५८५च्या बाजूला, जिथे स्टेशन नाही अशा जागी लावून आवाज मोठा करावा. कुठे भुणभुण चढते आणि कुठे उतरते ते लगेच कळते. मग घरातला मेन स्विच बंद करून पुन्हा ऐकावे. खरखर गेली तर चोर घरातच आहे, राहिली तर शेजारी नाहीतर लाइनवर. टीव्हीमागचा कोपरा बहुधा सर्वांत वाईट निघतो, आणि रेडिओ ठेवायला लोक नेमका तोच निवडतात.

खरखर जास्त असलेल्या घरात तारेपेक्षा चौकटीची एरियल उजवी ठरते. ती फार ओढत नाही, पण तिला दिशा असते. बांबूच्या कामट्यांची किंवा पट्ट्यांची फुली करून तिच्यावर ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन पडेल असे १२ वेढे घ्यावेत, वेढ्यांत अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवावे. तार मोटर बांधणाऱ्या दुकानात मिळते. २६ किंवा २८ गेजची इनॅमल तार पुरते. टोकांवरचे इनॅमल ब्लेडने खरवडायला विसरू नये. त्याचा रंग तांब्याच्या जवळचा असल्याने तार उघडी आहे असे वाटते आणि सोल्डर काही धरत नाही. दोन्ही टोके मोडीत काढलेल्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरच्या (स्टेशन बदलताना फिरतो त्या कंडेन्सरच्या) एका भागाला जोडावीत. या वेढ्यांच्या आत वेगळ्या, आवरण असलेल्या तारेचा एकच वेढा घेऊन त्याची टोके संचाच्या एरियल आणि अर्थच्या भोकांत द्यावीत. यू जातीच्या संचाला अर्थातच वर सांगितलेला कंडेन्सर मध्ये हवाच. रेडिओ ५८५वर ठेवून गँग हळूहळू फिरवला की एका जागी आवाज एकदम उसळतो. तीच जागा.

चौकटीची कड स्टेशनकडे रोखलेली असावी. अकोल्याहून नागपूर पूर्वेला, म्हणून चौकट पूर्व-पश्चिम. चंद्रपूरहून ते उत्तरेला, म्हणून दक्षिणोत्तर. ट्रान्झिस्टरमधल्या फेराइट सळीचे उलटे : सळी स्टेशनच्या दिशेशी काटकोनात असावी लागते, अकोल्यात ती दक्षिणोत्तर येते. पण चौकट नेहमी स्टेशनकडेच रोखायला हवी असे नाही. स्टेशनचा आवाज दिशा थोडी चुकली तरी फारसा कमी होत नाही. खरखरीचा खड्डा मात्र अरुंद आणि खोल असतो. म्हणून खरखर बुडेपर्यंत चौकट फिरवावी आणि स्टेशन जेवढे राहील तेवढ्यावर समाधान मानावे. खरखर आणि नागपूर एकाच रेषेत आले तर संच दुसऱ्या खोलीत हलवणे एवढाच मार्ग उरतो.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचाला जमिनीची अर्थ मिळाली तर आखूड तारही बरीच सुधारते. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ चार-पाच फूट लोखंडी पाइप ठोकून त्याभोवती मीठ आणि कोळसा भरण्याची जुनी पद्धत आजही चालते. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की पाइपाभोवतीची पकड सुटते. तिथे बादलीभर पाणी घालावे.

नागपूर शहराच्या आसपास गोष्ट उलटी. तिथे प्रक्षेपण इतके जोरदार असते की लांब तार लावली तर तेच स्टेशन डायलवर नको तिथेही डोकावते. तार हातभर ठेवावी किंवा मध्ये ५० पिकोफॅरडचा कंडेन्सर घालावा. १९८८ मध्ये नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झालेली १००० किलोवॉटची राष्ट्रीय वाहिनी २०१९ मध्ये बंद होईपर्यंत ही दक्षता अधिकच लागे. ट्रान्झिस्टरला बाहेरून तार जोडायचे भोक नसेल तर आवरणाच्या तारेचे चार-पाच वेढे फेराइट सळीभोवती येतील असे डब्यावरून घ्यावेत; संच उघडावा लागत नाही.

घरातली तार असली तरी मृगाच्या आधीच्या वादळात ती संचातून काढून ठेवावी, आणि सोबत प्लगही. वीज घरावर पडलीच पाहिजे असे नाही. जवळच्या झाडावर किंवा लाइनवर पडली तरी दहा मीटर तारेत एवढा दाब उठतो की एरियलचे कॉइल जळते, आणि व्हॉल्व्हच्या संचाचे ते कॉइल आता बहुतेक ठिकाणी हातानेच पुन्हा गुंडाळावे लागते.