प्रश्न दुसऱ्या हॉर्मोनचा

रजोनिवृत्तीत अंगातून एकाएकी वाफा निघणे, रात्री घामाने भिजून झोपमोड होणे, या त्रासांवर इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनइतका गुणकारी उपाय अजून सापडलेला नाही. तरीही हॉर्मोन उपचारांचे नाव काढले की आधी आठवतो तो स्तनांचा कर्करोग. ही भीती निराधार नाही. पण ती सगळ्या उपचारांना सरसकट चिकटली, हे मला चुकीचे वाटते.

गर्भाशय असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन दिले, तर गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि तिथे कर्करोग होण्याची शक्यता वाढते. हे १९७०च्या दशकात स्पष्ट झाले. म्हणून जोडीला प्रोजेस्टोजेन हे दुसरे हॉर्मोन देतात. त्याने अस्तर आवरले जाते. स्तनात मात्र तेच औषध दुग्धग्रंथींच्या पेशींना विभाजनाची चालना देऊ शकते. गर्भाशय जपणारे हे दुसरे हॉर्मोन स्तनांना महाग पडते, ही या उपचारांतली खरी अडचण.

अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीत १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना दोन्ही हॉर्मोन्स दिली, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. जुलै २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे ३० रुग्ण अपेक्षित होते, ते ३८ झाले. बातम्यांमधून पोहोचली ती २६ टक्के वाढ. मूळ आकडे फार थोड्या जणींना कळले. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना बरीच वर्षे झाली होती.

गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांची चाचणी वेगळी होती. तिथे इस्ट्रोजेन एकटेच दिले, आणि स्तनांचा कर्करोग वाढण्याऐवजी कमीच आढळला. पुढच्या अनेक वर्षांच्या पाहणीतही हा फरक टिकला.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने जगभरातल्या ५८ अभ्यासांचा एकत्रित हिशेब छापला. त्यानुसार पन्नाशीपासून पाच वर्षे दोन्ही हॉर्मोन्स रोज घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण ५० जणींमागे एका जास्तीच्या स्त्रीला हा कर्करोग होतो. प्रोजेस्टोजेन महिन्यातले काहीच दिवस घेतले तर ७० जणींमागे एकीला, आणि नुसत्या इस्ट्रोजेनने २०० जणींमागे एकीला. हा शेवटचा आकडा आधीच्या चाचणीशी जुळत नाही. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास होते; कोणी काय घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, हे ध्यानात ठेवावे. वापर जितका लांबतो तितका धोका वाढतो, आणि पाच वर्षांहून अधिक वापरानंतर तो औषध थांबवल्यावरही दहा वर्षांपेक्षा जास्त काळ काही प्रमाणात उरतो.

एक गोष्ट डॉक्टरांकडून कमी वेळा सांगितली जाते. दोन्ही हॉर्मोन्स घेतल्याने अनेकींचे स्तन मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत, अधिक दाट दिसतात. दाट ऊती पांढरी दिसते, गाठही पांढरी. त्यामुळे लहान गाठ नजरेतून सुटू शकते. उपचार चालू असताना मॅमोग्राफी करणाऱ्यांना औषधाचे नाव आणि सुरू केल्याची तारीख आवर्जून सांगावी.

त्रास फक्त योनीच्या कोरडेपणाचा असेल, तर तिथेच लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनने स्तनांचा धोका वाढल्याचे २०१९च्या पाहणीत दिसले नाही. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्यांना मात्र गोळ्या किंवा पॅचमधून हॉर्मोन सहसा देत नाहीत. त्यांच्या वाफांसाठी हॉर्मोनविरहित औषधे आहेत.