ऑक्सालिप्लाटिनच्या मुंग्या: थंडीने येणाऱ्या आणि मुक्काम ठोकणाऱ्या

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ज्यांची 'फॉलफॉक्स' किंवा 'केपॉक्स' या औषधांच्या जोडीची केमो चालू आहे, त्यांच्या घरात त्यातल्या ऑक्सालिप्लाटिन या औषधाचं नाव लवकर पाठ होतं. पहिलं सलाईन झालं की एक-दोन दिवसांत तक्रार येते, बोटांना मुंग्या येतात. सातव्या-आठव्या सायकललाही (केमोच्या फेरीलाही) तक्रार तीच असते. पण हे दोन वेगळे त्रास आहेत. पहिला दर वेळी येतो आणि जातो, म्हणून पेशंट आणि घरचे त्याला सरावतात. मग दुसरा सुरू झाला तरी 'हे नेहमीचंच' असं समजून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. माझी सगळी काळजी या राहून जाण्याबद्दल आहे.

पहिला त्रास थंडीचा. औषध शरीरात गेल्यावर त्यातून ऑक्सलेट सुटतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि नसांमधला सोडियमचा प्रवाह काही दिवस बिघडतो, असं मानलं जातं. नस मेलेली नसते, चिडलेली असते. फ्रीजमधली बाटली हातात घेतली, थंड फरशीवर अनवाणी पाय पडला, पहाटे नळाखाली हात धरला, की झिणझिण्या. ओठांभोवतीही येतात. जेवताना पहिल्या घासाला जबडा दुखतो, कधी हाताची बोटं आखडतात. बहुतेकांना हे कमी-जास्त होतंच. साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत ते ओसरतं आणि पुढच्या डोसला पुन्हा येतं.

इथे उपाय औषधांपेक्षा घरातल्या सवयींचा. सलाईननंतरचे काही दिवस फ्रीजचं पाणी, थंड ताक, आइस्क्रीम बंद. भांडी-कपड्यांना हात लावायचाच तर कोमट पाणी, पायात मोजे, एसीचा झोत अंगावर नको, गार वारा असेल तर नाकातोंडावर रुमाल. केमोत तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायचा सल्ला काही औषधांसाठी दिला जातो, आणि पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध घेणाऱ्यांना काही ठिकाणी हातापायांना गार मोजे घालतात. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं बघून ऑक्सालिप्लाटिनवाल्याने हे करू नये. त्याला त्या गारव्याचाच त्रास होईल. त्रास फार असेल तर दोन तासांचं सलाईन सहा तासांत सोडता येतं, तेवढं विचारून बघावं.

थंड घोट घेतल्यावर काही थोड्या जणांना घसा आवळल्यासारखा होतो, श्वास येत नाही असं वाटतं. भीती खरी असते, पण ऑक्सिजन नीट असतो, श्वासात घरघर नसते, आणि कोमट पाणी व उबेने बरं वाटतं. याच औषधाची ॲलर्जी मात्र वेगळी आणि धोक्याची. ती बरेचदा पहिल्या डोसला नाही, तर काही सायकल झाल्यावर उठते: अंगावर गांधी, खाज, चेहरा लाल, छातीत घरघर, बीपी खाली. सलाईन चालू असताना यातलं काहीही जाणवलं तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. घरी असताना श्वास अडकल्यासारखा वाटला तर दोन्हींतलं काय हे ओळखत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

दुसरा त्रास साचत जातो. औषधातलं प्लॅटिनम पाठीच्या कण्यालगत असलेल्या, स्पर्श कळवणाऱ्या पेशींच्या गाठींमध्ये जमतं आणि त्या पेशींनाच इजा करतं. फॉलफॉक्समध्ये दर दोन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ८५ मिलिग्रॅम हा ठरलेला डोस. याची एकूण बेरीज ८०० मिलिग्रॅमच्या आसपास पोचते तेव्हा, म्हणजे नवव्या-दहाव्या सायकलच्या सुमारास, डॉक्टर जास्त सावध होतात. हा बधिरपणा यायला थंडीची गरज नसते. तो पायाच्या बोटांपासून वर चढतो, मग हातात येतो. ब्लाउजचं हुक लागत नाही, सुईत दोरा जात नाही, खिशातलं नाणं बोटांना ओळखू येत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.

म्हणून प्रत्येक सायकलच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: मागच्या वेळच्या मुंग्या या सलाईनपर्यंत पूर्ण गेल्या का? गेल्या असतील तर बहुधा पहिला त्रास. थोड्याही उरल्या असतील, किंवा बारीक कामं जमेनाशी झाली असतील, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. फक्त 'मुंग्या येतात' असं नको, काय जमत नाही ते सांगा. मधुमेह असेल तर तळपाय आधीपासून बधीर असू शकतात, हेही पहिल्याच भेटीत कळवा.

अनेक जण गप्प राहतात, कारण केमो थांबेल आणि आजार उलटेल अशी धास्ती असते. पण ऑक्सालिप्लाटिन कमी केलं किंवा बंद केलं तरी सोबतचं फ्लुरोयुरासिल किंवा कॅपेसिटाबिन चालू ठेवता येतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयडिया' या अभ्यासात तिसऱ्या टप्प्यातल्या आतड्याच्या कॅन्सरचे १२ हजारांवर रुग्ण होते. सहा महिने उपचार घेतलेल्यांत मध्यम किंवा त्याहून जास्त नसांचा त्रास १०० पैकी साधारण ४५ जणांना झाला, तीन महिनेवाल्यांत साधारण १५ जणांना. कमी जोखमीच्या रुग्णांमध्ये तीन महिन्यांचं केपॉक्स सहा महिन्यांच्या तोडीचं ठरलं. तुमच्या बाबतीत ते लागू आहे का, हे तुमचे डॉक्टर सांगतील. विचारायला संकोच करू नका.

गोळ्यांच्या बाबतीत हात बऱ्यापैकी रिकामे आहेत. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं सलाईन पूर्वी सर्रास द्यायचे, नीट चाचणी झाली तेव्हा फायदा दिसला नाही. दुखऱ्या मुंग्यांवर ड्युलोक्सेटिन या गोळीचा उपयोग २०१३ च्या चाचणीत दिसला, मात्र ते दुखणं कमी करतं, बधिरपणा टाळत नाही. आपल्याकडे बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या कुणीही सुचवतं, पण बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात. मनाने काही सुरू करू नका.

दुसऱ्या त्रासाची एक गोष्ट घरच्यांना आधीच माहीत हवी. केमो संपल्यावरही दोन-तीन महिने तो वाढू शकतो. त्याचा अर्थ कॅन्सर परत आला असा नाही. त्यानंतर बहुतेकांचा त्रास महिन्यांच्या हिशेबाने उतरतो, काहींचा थोडा उरतो. तोवर आंघोळीचं पाणी कोपराने पाहावं, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये, आणि रोज रात्री तळपाय कुणाकडून तरी तपासून घ्यावेत, कारण लागलेलं किंवा भाजलेलं पेशंटला कळलेलंच नसतं.