मेमरी मोकळी करायला पण मेमरीच लागते

सांगलीत इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी लिनक्सवाल्या लॅपटॉपवरून गॅदरिंगचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतलाय का कधी? कॉपीची पट्टी सर्रकन शंभर टक्क्यांवर जाते आणि ड्राइव्ह उपसायला गेलं की "थांब की लेका, अजून लिहितंय" म्हणून ओरडा बसतो. पट्टी तशी खोटं बोलत नसते, प्रोग्रॅमने फाइल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या हवाली केली, कर्नलने ती रॅममध्ये ठेवून घेतली आणि "झालं" म्हणून सांगून टाकलं, पेनड्राइव्हवर ती सवडीने जाणार.

रॅममध्ये आलेला पण डिस्कवर न पोचलेला हा माल रॅमच्या ४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे पेजेसमध्ये पडून असतो, त्यांना डर्टी पेज म्हणतात. कॉपी चालू असताना मेमरीचा हिशोब दाखवणारी मेमइन्फो फाइल (/proc/meminfo) उघडून बघा, त्यातली 'डर्टी' नावाची ओळ बघता बघता काही शे केबीवरून जीबीच्या घरात जाते. १.२ जीबी साठलंय आणि ड्राइव्ह सेकंदाला १० एमबीच गिळतोय म्हटल्यावर दोन मिनिटं गेलीच. साधारणपणे वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्के डर्टी झाली की कर्नल मागच्या मागे लिहायला घेतो, आणि २० टक्क्यांच्या आसपास गेली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून धरतो, आधीचं जाऊ दे मग तुझं.

इथवर सोपंय. पण रॅम खरंच संपली तर? डर्टी पेज डिस्कवर लिहून मोकळी करायची, एवढंच ना? गोची तिथंच आहे, कारण डिस्कला काम सांगायला कर्नलला एक छोटी चिठ्ठी तयार करावी लागते, कुठली पेजेस, डिस्कवर कुठं टाकायची वगैरे, आणि ती चिठ्ठी पण रॅममध्येच बनते. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांनी गोडाऊन इतकं ठासून भरलंय की माल बाहेर काढायला हमालालाच आत पाय ठेवायला जागा नाही, तसलं हे.

उपाय म्हणजे राखीव साठा, मेमपूल म्हणतात त्याला. अशा थोड्या चिठ्ठ्यांपुरती जागा आधीच बाजूला काढलेली असते, एरवी तिला कोणी हात लावत नाही. साठाही संपला तर नवीन मागणारा थांबतो, आधीचं एखादं काम डिस्कवर उतरलं की ती चिठ्ठी साठ्यात परत येते आणि पुढचा सुटतो. हळू होईल पण अडकणार नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, फार काही नाही, दोन-चार चिठ्ठ्यांवर अख्खी सिस्टीम तरते.

दुसरी भानगड लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कडीची. फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणारा कर्नलचा भाग, स्वतःचं लॉक धरून मेमरी मागते, मेमरी देणारा म्हणतो थांब, आधी थोडी जागा मोकळी करतो, आणि त्यासाठी परत त्याच फाइलसिस्टीमकडे जातो, तिथं तेच लॉक बंद! म्हणून मागतानाच एक खूण लावतात, जीएफपी नोएफएस, म्हणजे मेमरी शोध पण माझ्या दारात येऊ नकोस.

मग सरळ "मेमरी नाही" म्हणून सांगायला काय होतंय? २०१४ च्या शेवटी कर्नलवाल्यांच्यात यावरच वाद रंगला होता. ८ पेजेसपर्यंतच्या, म्हणजे ३२ केबीपर्यंतच्या मागणीला लिनक्स सहसा नाही म्हणतच नाही, परत परत प्रयत्न करत बसतो, त्यामुळे नकार आला तर काय करायचं हा फाइलसिस्टीममधला कोड कागदावर होता पण चालवून बघायची वेळच फारशी आली नव्हती.

काहीच जमेना की मग कर्नलचा ऊम (आउट ऑफ मेमरी) किलर, जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम बघून त्याला उडवतो. आता तो प्रोग्रॅमच एखाद्या लॉकसाठी ताटकळत असेल तर मरणार कसा? २०१६ मध्ये ४.६ आवृत्तीत ऊम रीपर आला, तो मरायची वाट न बघता त्या प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी काढून घेतो. कर्नलच्या हवाली झालेल्या फाइलच्या डर्टी पेजेसना मात्र धक्का लागत नाही, प्रोग्रॅम गेला तरी ती कर्नलची जबाबदारी, डिस्कवर जाणारच. लाईट गेली तर गोष्ट वेगळी, तेव्हा एफसिंक करून, म्हणजे आत्ताच डिस्कवर लिही असं कर्नलला सांगून, खात्री करून घेतलेलं तेवढं वाचतं, बाकी शेवटच्या अर्ध्या-एक मिनिटातलं गेलं म्हणून समजा.