गाऱ्हाणं (कोकणातली प्रथा)

गाऱ्हाणं म्हणजे घरावर किंवा गावावर काही संकट आलं की ग्रामदेवतेसमोर उभं राहून ते मोठ्याने, सगळ्यांच्या देखत देवाला सांगायची कोकणातली पद्धत. सिंधुदुर्ग जिल्हा, रत्नागिरीचा दक्षिणेकडचा भाग आणि गोवा इथे ती आजही अगदी नेहमीची आहे. नुसतं संकटच पाहिजे असंही नाही, लग्न ठरवायचं असेल, घर बांधायला काढायचं असेल, शेतात पेरणी करायची असेल, मुलगा पहिल्यांदा नोकरीला परदेशी चालला असेल तरी आधी देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. मालवणी नाटकांमुळे उरलेल्या महाराष्ट्राला हा प्रकार माहीत झाला पण तो हसायचा प्रकार म्हणून, आणि ते बघून मला वाईट वाटतं, कारण ज्याच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलाय किंवा ज्याची होडी दर्यात गेलीय आणि फोन लागत नाहीये त्याच्यासाठी या चार वाक्यांपेक्षा मोठा आधार त्या घडीला दुसरा नसतो.

बाकीच्या प्रार्थनेपेक्षा यात वेगळं काय तर ज्याच्यावर वेळ आलीय तो स्वतः बहुतेक वेळा बोलतच नाही. तो हात जोडून उभा राहतो आणि त्याच्या वतीने गावकर म्हणजे गावचा मानाचा प्रमुख, मानकरी किंवा देवळातला गुरव बोलतो. नामस्मरण, पोथी, उपास हे माणूस घरात एकट्याने करू शकतो, गाऱ्हाण्याला मात्र निदान दोन-चार माणसं लागतात, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे असे भाऊबंदसुद्धा तिथे व्हय म्हाराजा म्हणतात, म्हणावंच लागतं. माझ्या मते या प्रथेचा खरा जीव इथे आहे, एका घराचं दुःख गावाच्या तोंडून देवापुढे जातं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने त्याला होकार भरलेला असतो, त्यामुळे घरी परत जाताना तो माणूस एकटा राहिलेला नसतो.

साधारण कसं चालतं ते सांगायचं तर घरचा माणूस शेंडीचा नारळ, विड्याची पानं-सुपारी, उदबत्ती आणि ऐपतीप्रमाणे दक्षिणा घेऊन देवळात येतो. गुरव आधी विचारतो काय विषय आहे, कोणाच्या नावाने घालायचं, नारळ कुठून आलाय म्हणजे मुंबईवाल्याने पाठवलाय का घरचाच. मग नारळ देवासमोर ठेवून सुरुवात होते ती देवांना हाक मारण्यापासून, ‘बा देवा म्हाराजा’, आणि पुढे गावातली सगळी देवस्थानं एकेक करून घेतली जातात, सातेरी, रवळनाथ, पावणाई, भूतनाथ, गांगो, वेशीवर राखण करणारा देवचार, घरामागचा राखणदार, ज्या गावात जे असतील ते. कोणाचं नाव राहून गेलं तर चालत नाही, जाणते लोक मागून आठवण करून देतात. त्यानंतर मूळ मुद्दा, तोही अगदी साध्या बोलीत, ‘ह्या तुज्या लेकरान आज तुज्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा तो मानून घे, तेच्या घरार जा काय संकट इला आसात ता दूर कर, काय चूकभूल झाली आसात तर पदरात घे, पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा’, की मागून व्हय म्हाराजा.

संस्कृत मंत्र नाही, पाठांतर नाही. ठराविक वळणं असतात पण मधला भाग प्रत्येक वेळी नवीन असतो, त्यामुळे कोर्टाची तारीख, पोराचा दुबईचा व्हिसा, आंब्याच्या कलमांवर पडलेला रोग, हरवलेली म्हैस हे सगळं त्यात जसंच्या तसं येतं. चांगलं गाऱ्हाणं घालणारा माणूस पंचक्रोशीत ओळखला जातो. आवाज लागतो, देवांचा क्रम पाठ लागतो आणि मुख्य म्हणजे समोरच्याची अडचण त्याला लाज वाटणार नाही अशा शब्दात सांगता यावी लागते, कारण पैशाचं किंवा नवराबायकोचं काही असेल तर अख्खं देऊळ ऐकत असतं.

गाऱ्हाण्याला जोडूनच कौल येतो. देवाच्या पाषाणाला किंवा मूर्तीला फुलांच्या पाकळ्या, कळ्या, काही ठिकाणी भिजवलेले तांदूळ चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार, पण कुठली जागा कशाची हे गावागणिक बदलतं. गोव्यात याला प्रसाद घेणं म्हणतात. कधीकधी काहीच पडत नाही, मग सगळे तिथेच थांबून राहतात आणि गुरव परत परत विनवणी करतो. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेची तारीखसुद्धा पंचांगातल्या तिथीवर नसून देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे दरवर्षी मुंबईतले चाकरमानी तारीख जाहीर व्हायची वाट बघत असतात आणि ती कळली की रेल्वेच्या रिझर्वेशनला धावाधाव सुरू होते. २०२१ मध्ये कोविडमुळे ही जत्रा आंगणे कुटुंबियांपुरतीच झाली, बाहेरच्या भाविकांना येता आलं नाही.

वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा हा असाच अडीअडचणीत हाक मारायचा देव. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो अशी श्रद्धा, म्हणून बोललेलं पुरं झालं की त्याला चामड्याची भलीमोठी चप्पल वाहतात, आणि केळ्यांचा घड. देवळात ठेवलेल्या त्या चपला बघितल्या की एकेका जोडीमागे कोणाच्या तरी घरचं निभावलेलं संकट आहे हे लक्षात येतं. सातेरी देवी तर कितीतरी गावात वारुळाच्या रूपातच आहे, म्हणजे ज्या जमिनीवर राबायचं तिलाच हाक मारायची.

प्रथेत खटकणाऱ्या गोष्टी आहेत. पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाणं कोणी घालायचं यावरून मानपानाची भांडणं होतात, ती कोर्टात जातात आणि काही गावात त्यापायी देवाचे उत्सव वर्षानुवर्षं बंद पडलेत, सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या देवाच्या दारात असं व्हावं याचा त्रास होतो. बहुतेक ठिकाणी गाऱ्हाणं पुरुषच घालतात, बायका मागे उभ्या असतात, खरंतर घरातलं दुखणंखुपणं काढणाऱ्या त्याच असतात आणि त्यांनाही पुढे उभं राहून बोलता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे आजारपण. साप चावलेल्या माणसाला आधी देवळात न्यायचं हे जीवावर बेततं, महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून अडवणं हा गुन्हाच धरलाय. गाऱ्हाणं घालताना ‘डॉक्टरच्या हाताला यश दे’ असंच जाणते लोक देवाला म्हणतात आणि गाडी थेट दवाखान्यात काढतात, गावातली शहाणी रीत ती.

गिरणीच्या काळात कोकणातली माणसं लालबाग-परळला आली तेव्हा गाऱ्हाणंही सोबत आलं. चाळीतल्या गणपतीला, सत्यनारायणाच्या पूजेला, गावकऱ्यांच्या मंडळाच्या सभेला आधी गाऱ्हाणं व्हायचं आणि अजून होतं. आता गावी जाता आलं नाही तर लोक गुरवाला किंवा चुलत्याला फोन करून ‘माझो नारळ ठेय’ सांगतात, पैसे मोबाईलवरून पाठवतात आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवून तिकडून गाऱ्हाणं ऐकतात, मस्कत-दुबईला असलेली मुलं ड्युटीवर जायच्या आधी उभ्या उभ्या हात जोडतात आणि इकडून व्हय म्हाराजा आलं की तीही फोनवर म्हणतात. नवस बोललेला असेल तर तो मात्र फोनवर फिटत नाही, त्यासाठी गावी यावंच लागतं, शिमग्याला नाहीतर जत्रेला, आणि मग ज्यांनी ज्यांनी गाऱ्हाण्याला साथ दिली त्यांना नारळाचा प्रसाद वाटला जातो.