स्पीकरच्या चुंबकाने डिस्क पुसली जाते?

ठाण्यात दहीहंडीच्या दिवशी डीजेच्या टेम्पोवर अजूनही कानावर येतं: ‘डिस्क स्पीकरपासून लांब ठेव रे, चुंबकाने गाणी उडतील!’ सल्ला कॅसेट-फ्लॉपीच्या काळातला. हार्ड डिस्कच्या पोटातच, हेडचा (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचा) हात हलवायला, जबरदस्त ताकदीचे निओडिमियम चुंबक बसवलेले असतात. त्यांच्या शेजारी डेटा सुखाने नांदतो, तर बाहेरच्या सबवूफरचं काय घेऊन बसलात? एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) आणि पेनड्राइव्हमध्ये तर डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, चुंबकाशी संबंधच नाही.

तरी लांब ठेवाच, पण कारण वेगळं. पोर्टेबल हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते आणि हेड तिच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर तरंगतं. बेसच्या हादऱ्याने ते डगमगतं. म्हणून वाजवायला एसएसडी.

गाणी बहुतेकदा उडतात ती ‘इजेक्ट’ न करता केबल उपटल्याने. एक्सफॅट या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणं) नसतं, त्यामुळे अर्धवट राहिलेली नोंद सावरली जात नाही. दुसरी प्रत घरी हवीच, आणि नुसती गाण्यांची नको: रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमधले क्यू पॉइंट (गाणं कुठून वाजवायचं त्या खुणा) आणि प्लेलिस्ट लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये असतात, त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.